दोनशे पानांची शोकवही

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी शिक्काबाईंच्या हातातलं यंत्र एकशे अठरावर पोचलं होतं. यंत्र मुठीएवढं, लोखंडी. वरून दाबलं की कागदावर आकडा उमटतो आणि आतलं चाक आपोआप पुढे सरकतं. नगरभवनाच्या तळमजल्यावर, दप्तरखान्याच्या खिडकीजवळ बाई उभ्यानेच काम करत होत्या, कारण बसून दाबलं की आकडा तिरका येतो. कोऱ्या वहीच्या प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक आकडा, मग शाईवर हलकीशी फुंकर, मग पुढचं पान.

नेते आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला गेले होते. बातमी आली तशी अर्धी दुकानं दुःखाने बंद झाली आणि उरलेली अर्धी भीतीने. एका चौकात माणसं ढसाढसा रडत होती, पुढच्याच चौकात काही जण गाड्यांचे भोंगे वाजवत फिरत होते. सत्ता जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याआधी बारा वर्षं त्यांनी राज्य केलं होतं. डोंगरापलीकडच्या वस्तीत नळ आले ते त्यांच्या काळात, आणि शिक्षकांना आणि उपदेशकांना शपथ घ्यायला लावली तीही त्यांच्याच काळात. शपथ दोन ओळींची होती. नेत्याचा शब्द हाच माझा धर्म, अशी तिची सुरुवात. काहींनी ती हसत घेतली, काहींनी डोळे मिटून घेतली. ज्यांनी घेतली नाही, त्यांतल्या उपदेशकांना तुरुंग मिळाला आणि शिक्षकांना घरचा रस्ता. त्यामुळे आता कुणाला वाटत होतं देवमाणूस गेला, कुणाला वाटत होतं देवाचा वैरी गेला, आणि दोन्हीकडचे लोक एकाच शहरात, एकाच रांगेत दूध घेत होते.

शहरातलं कुणी मोठं माणूस गेलं की नगरभवनाच्या मोठ्या दालनात सात दिवस शोकवही ठेवायची, हा जुना नियम. ज्याला यायचं त्याने यावं, पाच ओळींच्या आत लिहावं, खाली नाव-पत्ता घालावा. सात दिवसांनी वही बंद करून दप्तरखान्यात जाते. तिथे अशा चौदा वह्या होत्या. एका अग्निशामकाच्या वहीत जेमतेम नऊ सह्या होत्या, एका फुटबॉलपटूसाठी तीन वह्या लागल्या होत्या.

दोनशेवं पान झाल्यावर बाईंनी यंत्र फडक्याने पुसलं आणि वहीच्या आतल्या बाजूला दाखला लिहिला: ‘या वहीत पान एक ते दोनशे अशी एकूण दोनशे पानं आहेत.’ खाली सही केली, सहीवर शिक्का मारला. शिक्क्याशिवाय त्या पेन्सिलसुद्धा कुणाला देत नाहीत, असं सगळं कार्यालय म्हणायचं. त्यावरूनच हे नाव पडलं होतं. वय सत्तावन्न, नोकरी एकतीस वर्षांची, निवृत्ती चार महिन्यांवर.

घरून निघताना दादाशी खटका उडालाच होता. दादा म्हणजे थोरला भाऊ, एके काळचा गणिताचा शिक्षक. बाईंच्याच घरात पुढच्या खोलीत राहायचा आणि गल्लीतल्या मुलांची गणितं घ्यायचा.

“आज लवकर?” त्याने विचारलं होतं.

“वही मांडायची आहे.”

“कुणाची? त्याची?”

“आणखी कोण गेलंय काल?”

“बरीच गेली असतील. वही त्याचीच का?”

“दादा, मी वही मांडते. माणूस निवडत नाही.”

“हो ना. तू काय, टेबल मांडायचं, खुर्ची मांडायची. आतमध्ये काय चाललंय ते चुलीत जाईना का.” त्याने चहाचा कप उचलला आणि पाठ फिरवली. बाईंनी चप्पल घातली आणि निघाल्या. त्यांच्या घरात भांडण असंच व्हायचं, अर्धवट. उरलेलं दोघांनाही पाठ होतं.

दहाला दालन उघडलं. वही उंच टेबलावर, तिला दोरीने बांधलेलं पेन, मागे भिंतीवर फोटो, आणि बाजूला खुर्ची टाकून शिक्काबाई. एकेक जण येत होता. पहारेकरी दाराशी पिशव्या तपासत होता आणि बाहेर काही म्हणा, आत कुणी काही बोलायचं नाही, असं दर दहा माणसांमागे एकदा बजावत होता. लोकही ऐकत होते. तोंडाने जे बोलता येत नव्हतं ते वहीत उतरत होतं.

भाजी विकणाऱ्या एका बाईने लिहिलं, ‘तुमच्यामुळे आमच्या गल्लीत पाणी आलं. माझ्या सुनेला कळशी माहीत नाही.’ एका निवृत्त पोस्टमनने नुसतं नाव लिहिलं आणि त्यापुढे पूर्णविराम दिला. कुणी कविता लिहिली, ती यमकात बसेना म्हणून खोडून पुन्हा लिहिली. एका बसचालकाने एकतिसाव्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘देवच माणूस होऊन आला होता. आता प्रार्थनाघरात दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं कारण नाही.’

चारच्या सुमाराला एक शिवणकाम करणारी बाई आली. बोटावर अजून शिवताना घालायचं टोपण तसंच होतं. ते काढून तिने खिशात टाकलं, पेन घेतलं आणि सत्तेचाळिसाव्या पानावर, आधीच्या दोन मजकुरांच्या खाली, एकदाही न थांबता लिहिलं: ‘माझा नवरा उपदेशक होता. तो तुमच्या तुरुंगात तुमच्या आधी गेला. तिकडे तो भेटेल. त्याच्याकडे बघून उत्तर द्या.’ खाली संपूर्ण नाव, घर क्रमांक, गल्ली. मग शिक्काबाईंना म्हणाली, “चालेल ना?”

“नाव-पत्ता आहे. चालेल,” बाई म्हणाल्या.

रांगेतल्या कुणीतरी दोन्ही पानांचे फोटो काढले होते. संध्याकाळपर्यंत एकतिसावं पान एका बाजूच्या फोनमध्ये आणि सत्तेचाळिसावं दुसऱ्या बाजूच्या फोनमध्ये फिरत होतं, आणि रात्र व्हायच्या आत दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाठवून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरभवनाच्या फाटकाशी डावीकडे एक जमाव होता, उजवीकडे दुसरा. मध्ये रांगेसाठी दोरी. घोषणा आळीपाळीने होत होत्या, कारण दोघांनाही आपली घोषणा नीट ऐकू यायला हवी होती. साडेदहाला दालनाच्या खिडकीची एक काच फुटली. दगड कुठल्या बाजूचा ते कळलं नाही. पहारेकऱ्याने तो उचलून बाईंना दाखवला.

“बाई, याच्यावर पण शिक्का मारायचा का?”

“ठेव तिथे. काचा आधी झाड.”

अकराला पक्षाचे सचिव आले. कडक इस्त्रीचा सदरा, दंडाला काळी फीत, डोळे खरोखरच सुजलेले. माणूस रडला होता, यात शंका नव्हती. त्यांनी वही चाळली, सत्तेचाळिसाव्या पानावर थांबले.

“ताई, हे पान काढा.”

“कुठे काढू?”

“बाहेर. वहीतून. अजून अंत्यविधी झालेला नाही आणि ही असली घाण? ही शोकवही आहे ना? यात शोक कुठे आहे?”

“तिलाही शोकच आहे. माणूस वेगळा आहे.”

सचिवांचा चेहरा लाल झाला. “जिभेला हाड नाही तुमच्या.”

“पानावर आणखी चौघांचे मजकूर आहेत. दोन तुमच्याच लोकांचे.”

“ते पुन्हा लिहितील. मी स्वतः रांगेत उभे करतो.”

सचिव वर साहेबांच्या खोलीकडे गेले, तोच जुन्या प्रार्थनाघराचे म्हातारे उपदेशक आले. सहा वर्षं तुरुंगात काढलेला माणूस. गुडघे गेलेले, दोन्ही हातांत काठ्या. खुर्ची दिली तर बसले नाहीत. त्यांनी एकतिसावं पान वाचायला मागितलं, चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, आणि शांतपणे म्हणाले, “हे राहता कामा नये.”

“का?”

“माणसाला देव म्हटलंय. सरकारी इमारतीत, सरकारी वहीत. उद्या हेच पान पुरावा म्हणून दाखवतील. पोरं शाळेत पाठ करतील. आम्ही कशासाठी आत गेलो होतो, ताई? याच एका वाक्यासाठी.”

बाईंना त्यांच्याविषयी आदर होता. सचिवांशी बोलताना जीभ सैल सुटली होती, इथे ती जड झाली. तरी त्या म्हणाल्या, “बसचालक आहे तो. त्याला वाटलं ते त्याने लिहिलं. नाव-पत्ता आहे.”

“तुमचा भाऊ असता तर त्याने हे सहन केलं असतं?”

“भाऊ आहे अजून. घरी आहे.”

मग उपदेशकही वर गेले. वीस मिनिटांनी साहेब खाली आले. नगरभवनाचे प्रमुख. नेमणूक नेत्यांच्या काळातली, बढती त्यांच्या विरोधकांच्या काळातली, त्यामुळे दोन्ही बाजूंना नमस्कार करायची त्यांच्या मानेला सवय. आज पहिल्यांदाच ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले होते.

“बाई, सुटला प्रश्न,” ते म्हणाले. “दोन पानं. एक यांचं, एक त्यांचं. दोन्ही काढायची. दोघांचंही समाधान, कुणाला बोलायला जागा नाही. हे दोघंही तयार आहेत. पंधरा वर्षांत पहिल्यांदा या दोन माणसांचं एकमत झालंय, बाई. निदान त्याचा तरी मान ठेवा.”

“आणि दाखला?”

“नवा लिहू. एकशे अठ्ठ्याण्णव पानं. तुम्ही सही करा, मी करतो.”

“आकडे?”

“तुमच्या त्या यंत्राने पुन्हा मारा. वरून कागद चिकटवा. मला काय विचारता? तीनपर्यंत करा, म्हणजे फाटक मोकळं होईल. आणि हे बघा, चार महिने राहिलेत तुमचे. चांगल्या रीतीने जा. निरोप समारंभाला मी स्वतः बोलणार आहे.”

“साहेब, मी सही करणार नाही.”

“तीन वाजता या,” साहेब म्हणाले. ऐकूच आलं नाही अशा आवाजात.

एक वाजता अर्ध्या तासासाठी दालन बंद होतं. बाई वही घेऊन दप्तरखान्यात आल्या तर दादा तिथल्या बाकावर बसलेला. दगड पडल्याचं गल्लीत कुणीतरी सांगितलं म्हणून तो आला होता, मागच्या दाराने. सोळा वर्षांत या इमारतीत त्याने पाऊल टाकलेलं नव्हतं.

“डोकं शाबूत आहे ना?” त्याने विचारलं.

“काच गेली नुसती.”

“पुढे काय?”

बाईंनी सांगितलं. दोन पानं, एकशे अठ्ठ्याण्णव, तीन वाजता. दादा ऐकत होता आणि भिंतीवरच्या कपाटांकडे बघत होता. शपथेची नोंदवही तिसऱ्या कपाटात होती, हे त्यालाही माहीत होतं.

त्या नोंदवहीत प्रत्येक शिक्षकासाठी एक पान होतं. शपथ घेतली तर सही. नाकारली तर कारण लिहून सही. दादाने लिहिलं होतं, ‘माझा शब्द देवाला दिलेला आहे. तो दुसरीकडे देता येत नाही.’ तेव्हा शहरात उपदेशकांची धरपकड सुरू होती आणि पुढचा नंबर शिक्षकांचा, असं जो तो सांगत होता. शिक्काबाईंनी दुपारच्या सुट्टीत दार लावून घेतलं, दाढीच्या ब्लेडने भावाचं पान कडेला धरून कापलं, बादलीत भिजवून त्याचा लगदा केला. नोंदवहीत पानांना आकडे नव्हते, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. पान नाही, तेव्हा मोजदाद करणाऱ्याने दादाच्या नावापुढे ‘गैरहजर’ असं लिहिलं. तुरुंगात कुठलाच शिक्षक गेला नाही. नोकऱ्या तेवढ्या गेल्या. पाच वर्षांनी न्यायालयाने निकाल दिला की शपथ नाकारली म्हणून ज्यांना काढलं, त्यांना परत घ्या. एक्केचाळीस जणांनी आपापलं पान दाखवलं आणि ते शाळेत परत गेले. दादाला दाखवायला पान नव्हतं. कागदोपत्री त्याने काही नाकारलंच नव्हतं, तो नुसता आलाच नव्हता. मग बाईंनी त्याला खरं सांगितलं. तो दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. आणि बाईंनी त्यानंतर या खोलीतून आकडे नसलेल्या पानांची एकही वही बाहेर जाऊ दिली नाही.

“तेव्हा तुला कुणी सांगितलं होतं?” दादाने विचारलं. हा प्रश्न त्याने अकरा वर्षांत कधी विचारला नव्हता.

“कुणी नाही. माझं मीच.”

“मला वाटायचं वरून आदेश असेल. तू तो लपवतेस.”

“नव्हता आदेश. मला तू घरी हवा होतास.”

“घरीच आहे की मग,” दादा म्हणाला आणि हसला. हसणं फारसं चांगलं नव्हतं. “पान गेलं त्याचं एक वेळ चालेल. मला विचारायचंस. मी शिक्षक होतो गं, मला नाही म्हणता येत होतं. ते मी एकदाच म्हटलं आणि तेही तू पुसलंस.”

बाईंनी वही टेबलावर सरळ करून ठेवली.

“ते एकतिसावं पान,” तो म्हणाला. “ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर पाहिलं मी.”

“फाडू म्हणतोस?”

“मी काही म्हणत नाही. मला विचारू नकोस. त्या ड्रायव्हरला विचार, त्या शिवणारीला विचार.” तो उठला. “आणि खाऊन घे. उपाशीपोटी भांडलीस तर साहेब जिंकेल.”

तो मागच्या दाराने गेला. बाईंनी डबा उघडला, सगळा संपवला, हात धुतले. मग कपाटातून कार्यभार हस्तांतराचा छापील अर्ज काढला. बदली झाली, रजा लागली किंवा माणूस मेला, तर दप्तरखान्यातली वस्तू एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात या अर्जावर जाते. त्यावर वस्तूचं वर्णन लिहायचं असतं आणि घेणाऱ्याने ‘वरीलप्रमाणे मिळालं’ असं लिहून सही करायची असते. वर्णन किती लांब असावं, याला नियमात मर्यादा नाही. एकतीस वर्षांत बाईंनी हा नियम इतक्या वेळा वाचला होता की स्वल्पविराम कुठे आहे तेही त्यांना ठाऊक होतं.

तीन वाजता साहेबांच्या खोलीत सचिव एका खुर्चीवर होते, उपदेशक दुसऱ्या. मध्ये एक खुर्ची मोकळी. टेबलावर नवा दाखला टाइप करून ठेवलेला. रांग थोडा वेळ थांबवून वर आणलेली वही बाईंनी टेबलावर ठेवली, पण हात वहीवरून काढला नाही.

“करा सही,” साहेब म्हणाले.

“मी सांगितलं होतं.”

“मग वही ठेवा इथे आणि तुम्ही रजेवर जा. मी दुसऱ्याला सांगतो. एवढं सोपं आहे.”

“चालेल,” बाई म्हणाल्या आणि अर्ज पुढे केला. “ताबा घ्या. हस्तांतराचा कागद तयार आहे.”

साहेबांनी पेन उघडलं. मग वाचायला लागले, आणि पेन तसंच हवेत राहिलं. वर्णनाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं: शोकवही एक, पानं दोनशे, सर्व पानं जागेवर. पान एकतीसवरचे सहाही मजकूर शब्दशः, नावांसकट. पान सत्तेचाळीसवरचे पाचही मजकूर शब्दशः, नावांसकट. आणि शेवटी: ‘ही दोन पानं काढून टाकण्यासाठी ताबा घेण्यात येत आहे.’

“हे काय आहे?”

“वर्णन.”

“मी यावर सही केली तर...”

“तर वही तुमची. मग तुम्ही ठेवा, फाडा, काय करायचं ते करा. याच्या तीन प्रती आहेत. एक वरच्या कार्यालयात जाते, नियमाप्रमाणे.”

सचिवांनी अर्ज ओढून घेतला, वाचला. “म्हणजे पान फाडलं तरी मजकूर राहणारच.”

“आणि साहेबांच्या सहीने राहणार,” उपदेशक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, पण कुठेतरी थोडी मजाही होती. जेलरला कागदात अडकलेला त्यांनी पूर्वी पाहिला असावा.

“तुम्ही आमच्या बाजूच्या आहात असं मला सांगितलं होतं,” सचिव बाईंना म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

“तुम्ही शपथेच्या वेळी इथेच होता. एकही शब्द बोलला नव्हता.”

“तेव्हा बोलायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “आज बोलते. ही वही माझ्या ताब्यात आहे तोवर त्यातलं पान निघणार नाही. त्यांचंही नाही, तुमचंही नाही. बसचालक स्वतः आला आणि म्हणाला मला खोडायचंय, तर त्याने शेजारी लिहावं की खोडतो, आणि सही करावी. शिवणाऱ्या बाईंनाही तोच नियम. तुम्हाला दोघांना राग आला असेल तर रांग लावा. पाच ओळी मिळतील. पत्ता पूर्ण लिहा.”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. सचिव खुर्ची सरकवून उठले आणि जाताना दार आपटलं. उपदेशकांना उठायला वेळ लागला. बाईंनी त्यांना हात द्यायला पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. दोन्ही काठ्या टेकत ते स्वतःच उठले.

“मी लिहिणार आहे,” ते दारातून म्हणाले. “एकतिसाव्याला उत्तर लिहिणार आहे.”

“मग घाई करा. पाचला दालन बंद होतं.”

चार वाजून दहा मिनिटांनी ते रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढे बावीस माणसं होती. कुणीतरी त्यांना पुढे जा म्हणालं, ते गेले नाहीत. सचिवांची गाडी फाटकातून बाहेर पडली. थोड्या वेळाने त्यांचे दोन कार्यकर्ते येऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले आणि काय लिहायचं यावर कुजबुजत वाद घालू लागले. फाटकाशी घोषणा चालूच होत्या. पहारेकरी म्हणाला, सकाळपेक्षा घसे बसलेत दोन्हीकडचे.

पावणेपाचला साहेबांच्या शिपायाने बाईंच्या हातात लखोटा दिला. वरिष्ठांच्या आदेशाचं पालन न केल्याबद्दल खुलासा मागवला होता. समाधानकारक नसेल तर निलंबन, असंही लिहिलं होतं. बाईंनी तो उभ्यानेच वाचला, पोच म्हणून शिपायाच्या वहीत सही केली, तारीख घातली, वेळ घातली, शिक्का मारला.

“अहो बाई, माझ्या वहीवर शिक्का कशाला?” शिपाई म्हणाला.

“मिळाल्याचं कुणी नाकारायला नको. ना त्यांनी, ना मी.”

पाच वाजता त्यांनी पेन झाकलं, वापरलेली पानं मोजली, रोजच्या नोंदीत आकडा लिहिला आणि वही कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. खुलाशासाठी उद्या सकाळी साडेअकराची वेळ दिली आहे. दालन नेहमीप्रमाणे दहाला उघडेल. साडेअकरापासून बाई परत येईपर्यंत वहीशेजारच्या खुर्चीवर पहारेकरी बसेल, आणि लिहायला सुरुवात होईल ती पान ब्याण्णववर, तिसऱ्या मजकुराखाली.